घ्यायचं माप, द्यायचं माप

माझे अब्बा सांगलीच्या हळदपेठेत मापाडी होते. रोज सकाळी मिरजेहून सिटी बसनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, तेव्हा हात, बनियन, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, सगळं पिवळं झालेलं असायचं. शिक्षण चौथीपर्यंत. कुरआन शरीफ नाजिरा वाचलेलं, म्हणजे अक्षरं लावून वाचता यायचं, अर्थ कळत नसे. पण एका सूरेचा अर्थ त्यांनी मशिदीतल्या मौलवीसाहेबांना मुद्दाम विचारून घेतला होता. ती सूरा म्हणजे ‘मुतफ्फिफीन’. लोकांकडून घेताना माप शिगोशीग भरून घेणारे आणि लोकांना द्यायची वेळ आली की हात आखडणारे, अशांचा धिक्कार त्या सूरेच्या आरंभीच आहे. अब्बा म्हणायचे, "ये सूरा हम मापाडी लोगां के वास्ते उतरी है." पूर्वी खेड्यापाड्यांतल्या काही दुकानांत दोन पायल्या असत, एक घ्यायची, एक द्यायची. दोन्ही दिसायला सारख्या. बुडाशी आतून एक जादा चकती बसवलेली, एवढाच फरक. ती चकती शोधायला अब्बांनी मला लहानपणीच शिकवलं होतं.

आज या वयात मला आमच्याच घरात तशी एक पायली सापडली आहे. ती धान्याची नाही, किताबाची आहे. माझा आरोप सरळ आहे. आम्ही मुसलमान बायबल मोजताना एक माप वापरतो आणि कुरआन मोजून घेताना दुसरं. बायबलमधली एक ओळ उचलायची, तिचा मराठी किंवा उर्दू तर्जुमा जसाच्या तसा धरायचा, ‘पहा, यांच्या किताबात काय आहे!’ म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या. आणि कुणी कुरआनची एक आयत तशीच उचलली की आम्ही उसळतो. संदर्भ पहा, शाने-नुजूल पहा, अरबी शब्दाचा मूळ अर्थ पहा, तफसीर वाचा, आलिमांना विचारा. आमचं हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मग तेच माप द्यायच्या वेळी कुठं जातं?

मीही हेच केलं आहे, म्हणून बोलतो.

१९८६ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात शेख अहमद दीदात आणि पाद्री जिमी स्वॅगार्ट यांचा जाहीर वाद झाला. विषय होता, बायबल हा देवाचा शब्द आहे काय? त्याच्या व्हिडिओ कॅसेट फिरत फिरत आमच्या मोहल्ल्यापर्यंत आल्या. वर्गणी काढून भाड्याचा व्हीसीआर आणला. आम्ही कॉलेजातली पोरं, इंग्रजी निम्म्याहून जास्त कळत नव्हतं. टाळ्या मात्र कळत होत्या. दुसऱ्याच आठवड्यात मी रद्दीवाल्याकडून ‘नवा करार’ विकत घेतला आणि लाल पेन्सिलीनं चुका शोधायला बसलो. वाचायला नव्हे, चुका शोधायला. या दोन कामांत किती अंतर आहे, ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ख्रिस्ती बाई राहायच्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभारलेल्या मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. मिरजेतल्या कितीतरी मुसलमान घरांतली बाळंतपणं अशा सिस्टरांच्या हातून झाली, तसं माझंही. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मी लाल रेघांनी भरलेला नवा करार घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "मावशी, श्रीमंत माणूस स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं तुमच्यात लिहिलंय. उंट सुईतून जाईल का हो?"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाळ, तू व्हायच्या रात्री तुझी अम्मा रात्रभर ‘मरी गे माँ, मरी’ म्हणून ओरडत होती. मी केसपेपरवर ‘मयत’ असं लिहायला पाहिजे होतं काय?"

मला वाटलं, बाईंना उत्तर सुचलं नाही. मोहल्ल्यात येऊन मी तसंच सांगितलं. पुढं काही वर्षांनी रमजानमध्ये मी कुरआन पहिल्यांदा अर्थासह वाचायला घेतलं आणि सूरा अल्-आराफच्या चाळिसाव्या आयतीवर थांबलो. अल्लाहच्या निशाण्या नाकारणारे आणि त्यांच्यापुढं गर्वानं ताठ होणारे जन्नतीत कधी जातील, याचं उत्तर तिथं आहे. उंट सुईच्या नेढ्यातून जाईल तेव्हा! तोच उंट आणि तीच सुई. माझी लाल पेन्सिल घरातच कुठंतरी पडलेली होती. ती कुरआनवर चालवायची कल्पनाही मला सहन झाली नसती. मावशींच्या पुस्तकावर मात्र मी ती दाबून चालवली होती.

गंमत इथंच संपत नाही. आमच्या तफसीरकारांत या उंटावर मोठी चर्चा झालेली आहे. ‘जमल’ म्हणजे उंट. पण हजरत इब्ने अब्बास यांच्या नावानं ‘जुम्मल’ असंही एक पठण नोंदलेलं आहे, त्याचा अर्थ गलबताचा जाड दोर. तिकडे ग्रीक इंजीलबद्दलही काहींनी असंच म्हटलं की ‘कामेलोस’ म्हणजे उंट नसून ‘कामिलोस’ म्हणजे जहाजाचा दोर असावा. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळे धर्म, शेकडो वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडच्या विद्वानांना एकाच सुईपाशी एकच अडचण आली, आणि सुचलेला उपायही एकच. बहुतेकांनी दोन्हीकडे शेवटी उंटच ठेवला, कारण अशक्य गोष्ट सांगायची तर ती अशक्यच वाटली पाहिजे. ज्यांना हे ठाऊक आहे, ते बायबलच्या उंटावर हसणार नाहीत. आम्ही हसतो, कारण आम्हाला आमचाही उंट ठाऊक नसतो.

बायबल कळायला अवघड आहे, हे खरंच. ते का अवघड आहे, ते आधी नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, ते एक पुस्तक नाही. ते एक कपाट आहे. प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिकांच्या ७३. त्यांत कायदा आहे, वंशावळी आहेत, राजांच्या बखरी आहेत, दरबारी गाणी आहेत, म्हणी आहेत, विलाप आहेत, पत्रं आहेत, स्वप्नं आहेत. ती लिहिली गेली कित्येक शतकांत आणि तीन भाषांत, म्हणजे हिब्रू, अरामी आणि ग्रीक. सातबारा, पोवाडा आणि आजीचं पत्र एकाच बांधणीत शिवून दिलं तर आपण तिन्ही एकाच रीतीनं वाचू काय? सातबाऱ्यात उपमा शोधणारा जितका वेडा, तितकाच पोवाड्यातल्या फौजेची हजेरी घेणारा वेडा.

दुसरी गोष्ट भाषेची. हजरत ईसा (अलै.) अरामी बोलत. इंजीलची चारही वृत्तं आपल्यापर्यंत आली ती ग्रीकमध्ये. म्हणजे त्यांचा शब्द कागदावर पोचला तेव्हाच बहुतांशी तर्जुमा होऊन पोचला. जुन्या कराराची हिब्रू मुळात स्वरचिन्हांशिवाय लिहिलेली. ती चिन्हं यहुदी पंडितांनी फार नंतर बसवली. व्यंजनं तीच, स्वर बदलला की शब्द बदलतो. यावर आमचा वक्ता म्हणतो, "पहा, यांना आपल्या किताबाचा उच्चारही ठाऊक नाही!" भाईसाहेब, आपला उस्मानी मुसहफ आरंभी नुक्त्यांशिवाय आणि जेर-जबरशिवायच होता. आपण पाचही वेळा नमाजीत फातिहा पढतो. तिच्यात न्यायाच्या दिवसाचा ‘मालिक’ असं एक पठण आहे आणि ‘मलिक’ असं दुसरं. एकाचा अर्थ धनी, दुसऱ्याचा राजा. एका स्वराच्या लांबीचा फरक. दोन्ही पठणं आमच्या सात मान्य किराअतींत आहेत. इब्ने मुजाहिद यांनी या सात किराअती दहाव्या शतकात ग्रंथात नीट लावून दिल्या. आम्ही याला चूक म्हणत नाही, अर्थाची श्रीमंती म्हणतो. मग शेजाऱ्याच्या स्वरांना गरिबी का म्हणायचं?

तिसरी गोष्ट बोलण्याच्या ढंगाची. ‘देवाचा पुत्र’ या दोन शब्दांवर आमच्या सभा गाजतात. यात श्रद्धेचा फरक आहे आणि तो राहणार. अल्लाहनं कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही, हे मी रोज पढतो आणि मानतो. पण जुन्या करारात हाच शब्द इस्राएलच्या राजासाठी येतो, फरिश्त्यांसाठी येतो, सगळ्या इस्राएल कौमसाठीही येतो. कुठं काय अर्थ आहे, ते त्या त्या जागी पाहावं लागतं. सेमिटिक भाषांची ती चालच आहे. कुरआनात जकातीचे हकदार सांगताना ‘इब्नुस्सबील’ येतो. शब्दशः अर्थ, रस्त्याचा मुलगा. म्हणजे वाटसरू. रस्त्याला मूल कसं झालं, असं कुणी मुफस्सिर विचारत नाही. आपल्या मराठीतसुद्धा निवडणुकीच्या दिवसांत गल्लोगल्ली भूमिपुत्र निघतात. त्यांच्या जन्माचा दाखला जमिनीच्या नावानं कुणी मागत नाही.

चौथी गोष्ट आकड्यांची. मत्तयनं ईसांची वंशावळ दिली आहे आणि लूकनंही दिली आहे. दोन्ही जुळत नाहीत. मत्तय चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडतो. आम्ही वही-पेन घेऊन पिढ्या मोजतो आणि हसतो. पण हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे आणि दावीद या नावाची बेरीज होते चौदा. मत्तयला बहुधा तेच सुचवायचं होतं की हा दावीदच्या गादीचा वारस आहे. हे ज्याला पटत नाही, त्यानं मिरज स्टेशनाबाहेरच्या रिक्षांवर लिहिलेला ७८६ हा आकडा वाचावा. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीनं केलेली ती बेरीज आहे. आमच्या दुकानाच्या पाटीवर आकडा म्हणजे बरकत, मत्तयच्या पानावर आकडा म्हणजे गणिताची चूक!

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. आम्ही इंजीलची तुलना कुरआनशी करतो. इथंच पायलीच्या बुडाची चकती आहे. चार इंजीलं म्हणजे चार रावींनी सांगितलेलं ईसांचं चरित्र आणि बोलणं. आमच्याकडे त्या जातीचं जे साहित्य आहे ते हदीस आणि सीरत. पैगंबर साहेबांचा (स.) आखरी हजचा खुत्बासुद्धा सगळ्या रावींकडून एकाच शब्दांत आलेला नाही. एकाला एक वाक्य आठवलं, दुसऱ्याला दुसरं. यातून आमच्या पूर्वजांनी सनद तपासण्याचं, रावींची पारख करण्याचं एक अख्खं शास्त्र उभं केलं, आणि त्याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. ज्यांच्या घरात एवढं शास्त्र आहे, त्यांना चार साक्षीदारांच्या चार जबान्या तंतोतंत जुळत नाहीत याचं नवल वाटावं? कोर्टात चारही साक्षीदार अक्षर न अक्षर सारखं बोलले, तर वकील काय समजतो, ते मिरज कोर्टातल्या कुठल्याही शिरस्तेदाराला विचारा.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण आहे. त्याच्या हातात पडतं ते तर्जुम्याचं पुस्तक. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा सांगायची, तर स्वर्गाला शब्द कोणता? त्यांनी ‘वैकुंठ’ घेतला. शब्द लोकांना कळला, पण त्याबरोबर विष्णूही आला. विल्यम केरी बंगालात श्रीरामपूरला बसले आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यांनी १८११ साली नवा करार मराठीत आणला. महाराष्ट्रात ते कधी राहिलेही नाहीत. पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून साऱ्या बायबलचं मराठी केलं. संस्कृत तर त्यांच्या जिभेवर होतं, तरी खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून त्यांनी साधे शब्द निवडले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एवढ्या विदुषीनं आयुष्याची अखेरची वर्षं ज्या शब्दांवर घालवली, ते आम्ही रद्दीतून आणलेल्या पुस्तकात लाल पेन्सिलीनं दोन दिवसांत निकालात काढतो.

एकच शब्द घ्या. ‘आत्मा’. हिब्रूत ‘रुआख’, ग्रीकमध्ये ‘न्यूमा’. दोन्हींचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात ईसा रात्री भेटायला आलेल्या एका पंडिताशी बोलताना या एकाच शब्दावर वाऱ्याचा आणि आत्म्याचा खेळ करतात. मराठीत दोन शब्द करावे लागतात आणि खेळ हरवतो. वर ‘आत्मा’ म्हटलं की मराठी माणसाच्या मनात गीतेतला अमर आत्मा उभा राहतो. गंमत म्हणजे हा खेळ आम्हाला चटकन कळायला हवा. अरबीत ‘रूह’ आणि ‘रीह’, आत्मा आणि वारा, एकाच धातूतून आले आहेत. बायबल समजायला मराठी मुसलमानाला मराठी हिंदूपेक्षाही एक दार जास्त उघडं आहे. आम्ही त्याच दाराला कुलूप घालून बाहेर सभा भरवतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ख्रिश्चनांची वकिली करणारं आहे, आमच्या बुजुर्गांनी तर बायबलच्या चुका दाखवल्याच की. दाखवल्या. एप्रिल १८५४ मध्ये आग्ऱ्याला पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा मुनाझरा झाला. फांडरनं ‘मीजानुल हक’ लिहून कुरआनवर हल्ला केला होता, हेही विसरायचं कारण नाही. सुरुवात आमच्याकडून झाली नव्हती. मौलानांनी फांडरला निरुत्तर केलं, पुढं इस्तंबूलमध्ये राहून ‘इजहारुल हक’ लिहिलं. पण त्यांचा दारूगोळा कुठून आला होता? त्यांचे साथी डॉ. वजीर खान यांनी विलायतेहून आणलेल्या ग्रंथांतून, म्हणजे ख्रिस्ती विद्वानांच्याच संशोधनातून! मार्कच्या इंजीलच्या शेवटच्या बारा ओळी सर्वांत जुन्या दोन हस्तलिखितांत नाहीत, हे आम्ही शोधलेलं नाही. ते ख्रिस्ती अभ्यासकांनी शोधलं आणि आज कितीतरी बायबलांत त्या ओळींपाशी कंस घालून तशी टीप छापलेली असते. स्वतःच्या किताबापाशी इतक्या कठोरपणे बसणाऱ्या माणसांचं काम उचलायचं आणि त्यांनाच फसवे म्हणायचं, हा कुठला इन्साफ?

आणि त्याच काळात दुसरा रस्ताही होता. सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवर भाष्य लिहायला घेतलं, ‘तबयीनुल कलाम’. १८६२ पासून त्याचे भाग निघाले. एक मुसलमान बायबल समजून घेण्यासाठी बायबलवर तफसीर लिहितो! त्यांच्यामागे शाह वलीउल्लाह होते. ‘अल्-फौजुल कबीर’मध्ये त्यांनी म्हटलं आहे की तहरीफ झाली ती मुख्यतः तर्जुम्यात आणि अर्थात, मूळ शब्दांत नव्हे. त्याही आधी पंधराव्या शतकात कैरोचे अल्-बिकाई यांनी कुरआनच्या तफसीरीत बायबलचे उतारे घेतले आणि त्यावरून टीका झाली तेव्हा आपली बाजू ठासून मांडली. इब्ने हज्मसारखे मूळ शब्दच बदलले गेले असं म्हणणारेही होते. म्हणजे या प्रश्नावर आमच्यात मतभेद होते, अभ्यास होता. कॅसेटच्या जमान्यात आम्ही एकच बाजू उचलली, कारण तिला टाळ्या होत्या.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. एक आलिम मित्र मला म्हणाले, "तुम्ही बरोबरी कशी करता? कुरआन अल्लाहचं कलाम आहे, अक्षरशः. बायबल माणसांनी लिहिलं. दोन मालांना दोन मापं लागणारच." मी म्हणालो, मौलाना, कोणती किताब आसमानी हे ईमान ठरवतं. पण वाक्याचा अर्थ काय, हे भाषा ठरवते. हळद चांगली की वाईट, हा भावाचा प्रश्न. ती किती किलो, हा काट्याचा प्रश्न. हलक्या हळदीला भाव कमी द्या, पण काटा मारू नका. आणि बायबलमध्ये भेसळ झाली असं सिद्ध करायचं असेल, तरी आधी त्यात मूळ काय म्हटलं आहे ते प्रामाणिकपणे वाचावंच लागेल.

वाचायचं कसं, यासाठी आग्रा किंवा कैरोलाच जायला हवं असंही नाही. मिरजेहून कृष्णेच्या वरच्या अंगाला वाई आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश रचला. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र. आदेश देणारं वाक्य कोणतं आणि नुसती स्तुती किंवा वर्णन करणारं कोणतं, हे ती आधी वेगळं करायला सांगते. पहिल्याला विधी म्हणतात, दुसऱ्याला अर्थवाद. ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणा या परंपरेत सांगितल्या आहेत. आरंभ आणि शेवट पाहा, पुन्हा पुन्हा काय सांगितलं ते पाहा, नवं काय सांगितलं ते पाहा, फळ पाहा, स्तुती ओळखा, युक्तीला धरून आहे का ते पाहा. आमच्या उसूलच्या किताबांत, मुहकम-मुतशाबिहच्या चर्चेत याहून फार वेगळं काय आहे? ‘लाख मरोत, पण लाखांचा पोशिंदा मरू नये’ या म्हणीला मराठी माणूस कत्तलीचा हुकूम समजत नाही. त्याला न शिकवता अर्थवाद कळतो. दुसऱ्याच्या धर्मग्रंथापाशी आल्यावरच त्याची ही अक्कल का जाते?

याच वाईत १९१७ साली तरुण विनोबा शिकायला राहिले. पुढं त्यांनी अरबी शिकून, वर्षानुवर्षं कुरआन वाचून ‘कुराणसार’ केलं आणि ‘ख्रिस्तधर्मसार’ही. त्याच सुमाराला रेव्हरंड नारायण वामन टिळक साताऱ्यात येऊन ‘देवाचा दरबार’ मांडून बसले होते. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी पोचलेला हा कवी, त्याचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. एका जिल्ह्यात, एका काळात, एक ब्राह्मण शास्त्रं शिकत होता आणि एक ब्राह्मण ख्रिस्ती होऊन ख्रिस्त मराठीत आणत होता. त्या जिल्ह्यात आपण मुसलमानांनी दुसऱ्याच्या किताबावर काय केलं, हा प्रश्न मला टोचतो.

आणि हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. तलवारीचंच पाहा. सूरा तौबाची पाचवी आयत आज ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहे. चौथी नाही, जिच्यात करार पाळणाऱ्यांना वगळलं आहे. सहावीही नाही, जिच्यात आसरा मागणाऱ्या मुश्रिकाला आसरा देऊन सुरक्षित जागी पोचवायला सांगितलं आहे. मधली एक ओळ कापून फिरवली जाते. याला आम्ही जुलूम म्हणतो, आणि तो जुलूम आहेच. पण मत्तयच्या दहाव्या अध्यायात ईसा म्हणतात की मी शांतता आणायला नव्हे, तलवार आणायला आलो. ही ओळ आमच्या किती वक्त्यांनी अशीच कापून फिरवली आहे! लूकनं हेच वचन दिलं आहे आणि तिथं तलवारीऐवजी ‘फूट’ असा शब्द आहे. पुढचा मजकूरही घरातल्या बाप-लेकांच्या, सासू-सुनांच्या बेबनावाचा आहे. म्हणजे खरं सांगणाऱ्याला आपलीच माणसं तोडतील, एवढाच त्या तलवारीचा अर्थ. मक्केत ज्यांनी पहिल्यांदा कलमा पढला, त्यांच्या घरांत काय झालं होतं?

२००९ च्या सप्टेंबरात मिरजेत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली आणि ती सांगली-कोल्हापुरापर्यंत पसरली. २०२३ च्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत मोबाइलवरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका मुसलमान तरुणाचा जीव गेला. तो मजकूर खरंच कुणी टाकला, का टाकला, हे तपासायला कुणी थांबलं नाही. या दोन्ही ठिकाणी प्रश्न किताबाचा नव्हता. पण सवय तीच होती. दिसलं ते उचललं, मागचं-पुढचं पाहिलं नाही, निकाल दिला. दुसऱ्याच्या किताबापाशी बसून जी सवय आपण लावून घेतो, तीच सवय लोक रस्त्यावर घेऊन येतात. तेव्हा कापलेली ओळ कुणाच्या किताबातली होती, याला काही अर्थ उरत नाही.

यावर उपाय म्हणून काही मौलवी आणि काही पाद्री सांगतात, किताब अवघड आहे तर सामान्यांनी अर्थाच्या भानगडीत पडूच नये. हेही मला मान्य नाही. विल्यम टिंडेलनं बायबल इंग्रजीत आणलं, त्याला १५३६ साली जिवे मारलं गेलं. शाह वलीउल्लाहांच्या मुलांनी कुरआन उर्दूत आणलं नसतं, तर माझ्यासारख्याच्या हातात ते कधी पोचलंच नसतं. अवघड आहे म्हणून वाचू नका, असं मी म्हणत नाही. अवघड आहे म्हणून हळू वाचा, विचारून वाचा, आणि निकाल द्यायची घाई करू नका, असं म्हणतो. कुरआननं तरी काय सांगितलं? सूरा आले-इमरानच्या सातव्या आयतीत काही आयती मुहकम आणि काही मुतशाबिह, असं स्वच्छ म्हटलं आहे. त्या मुतशाबिहचा अर्थ फक्त अल्लाहला ठाऊक, की अल्लाहला आणि पक्क्या इल्मवाल्यांनाही? ते त्या वाक्यात वकफ कुठं घ्यायचा, यावर ठरतं. अर्थ लावणं अवघड आहे हे सांगणारी आयतच दोन रीतींनी वाचली गेली आहे! ज्यांच्या किताबात ही आयत आहे, त्यांनी दुसऱ्याच्या किताबाला ‘कळत नाही म्हणजे खोटी’ म्हणावं?

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. उंटाची गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही. सांगायला जायला हवं होतं, आणि लाज वाटत होती. त्यांच्या मुलाकडे मागच्या नाताळात गेलो, तेव्हा त्यांचं जुनं बायबल कपाटावर होतं. मी ते मागून घेतलं आणि दोन पुस्तकं घरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. आठवड्यातून एक दिवस मगरीबनंतर आम्ही चौघे-पाचजण बसतो. त्यात तो असतो, एक निवृत्त संस्कृत शिक्षक असतात, आमच्या जमातीतले दोन तरुण असतात. वादाला बंदी नाही. एकच अट आहे, पुढची आणि मागची ओळ वाचल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

अब्बा वजन करायच्या आधी काटा एकदा रिकामा उचलून धरायचे. शेतकरी घाईत असायचा, व्यापारी घाईत असायचा, पाठीवर पोतं घेतलेला हमाल तर सगळ्यांत जास्त घाईत. तरी अब्बा थांबायचे. रिकाम्या काट्याची दांडी सरळ राहते की एका अंगाला झुकते, ते पाहायचे. झुकत असेल, तर ते आधी दुरुस्त करायचे. मगच म्हणायचे, "हां, अब डालो."